मॅडम घर बघायला येणार होत्या

"हा फ्रिज कुणाचा?"

मी दारातच किंचाळले. तहसील कचेरीपासून धापा टाकत पळत आले होते आणि आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत, जिथं मी रोज अंथरूण घालायची तिथं, एक लालभडक फ्रिज उभा होता. काचेच्या दाराचा. आत थंडाच्या बाटल्या ओळीनं लावलेल्या.

"हळू बोल," आई म्हणाली. "सोपानचा आहे. टपरीवरचा. चौघांनी उचलून आणला, कंबरा मोडल्या बिचाऱ्यांच्या."

"पण आपल्याकडं कशाला?"

"कशाला म्हणजे? मॅडम यायच्यात ना."

मग मी नीट बघितलं. फ्रिजशेजारी लाल रेक्झिनची सोफ्याची खुर्ची. कोपऱ्यात टीव्ही, वर क्रोशाचा रुमाल. ओट्यावर मिक्सर. मांडणीवर हंडे, कळश्या, डबे, ताटं घासूनपुसून अशी रचलेली की भांड्यांच्या दुकानदाराला हेवा वाटावा. भिंतीवर हार घातलेला एका मिशीवाल्या आजोबांचा फोटो. त्यांना मी जन्मात बघितलं नव्हतं.

आणि या सगळ्याच्या मधोमध आबा, माझे वडील, बँडचा ड्रेस घालून बसलेले. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पितळी बटणं. आबा एका बँड कंपनीत ट्रम्पेट वाजवायचे.

"आबा, हे काय?"

"तुझी आई म्हणाली, चांगले कपडे घाला," आबा म्हणाले. "माझ्याकडं याच्यापेक्षा चांगले आहेत का?"

माझ्या हातात तेव्हा उत्पन्नाचा दाखला होता, शाई पुरती वाळली नव्हती. त्यावर साहेबाची सही आणि गोल शिक्का मारून लिहिलं होतं की आमच्या घरात वर्षाकाठी जे काही येतं, त्यात फ्रिज सोडाच, फ्रिजचं दारसुद्धा येणार नाही. मी मटकन उंबऱ्यातच बसले.

सांगते काय झालं होतं ते. फार्मसी कॉलेजात माझा नंबर लागला होता. आमच्या कॅनॉलकडेच्या वस्तीतून असल्या कॉलेजात जाणारी मी पहिलीच. फी भरायची मुदत शनिवारी संपत होती आणि फी म्हणजे आमच्या दृष्टीनं चंद्रच. पण एक संस्था होती, ती आमच्यासारख्या वस्त्यांमधल्या मुलींची फी भरायची. अट एवढीच, की आधी संस्थेची बाई घरी येऊन बघून जाणार. घर खरंच गरीब आहे, मुलगी खरंच शिकेल, असं त्या बाईला वाटलं तर कॉलेज. नाही वाटलं तर सोमवारपासून मी आईबरोबर खानावळीत पोळ्या लाटायला. खानावळवाल्यानं माझ्यासाठी पोळपाट बाजूला काढून ठेवल्याचा निरोपसुद्धा धाडला होता, मेल्यानं!

ती बाई, आगाशे मॅडम, बुधवारी तीन वाजता येणार होत्या. आता साडेचार झाले होते. त्या येऊन गेल्या असतील या भीतीनं मी पळत आले होते. त्या आल्या नव्हत्या, देवाची कृपा. आणि आता मला वाटायला लागलं, येऊच नयेत.

"कोणाच्या डोक्यातून निघालं हे?" मी विचारलं.

"माज्या," दारामागून आवाज आला. गुंफामावशी! त्या फोटोतल्या आजोबांचा हार नीट करत होत्या. "का गं, कसं दिसायलंय? झ्याक का न्हाई?"

गुंफामावशी म्हणजे आमच्या गल्लीच्या सोयरिकी जुळवणाऱ्या. मूळच्या लातूरकडच्या. पुण्यात उभं आयुष्य गेलं तरी बोलणं तिकडचंच. आमच्या गल्लीत एक रीत होती. कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असले की अख्खी गल्ली त्या घरात आपापली चांगली वस्तू नेऊन ठेवायची. त्याला म्हणायचे घर भरणं. पाहुणे चहापोहे खाऊन गेले की ज्याची वस्तू त्याला परत. या रीतीवर निम्म्या गल्लीतल्या मुली उजवल्या होत्या. लग्नानंतर एकाही व्याह्यानं 'तो टीव्ही कुठं गेला हो?' असं विचारलं नव्हतं, कारण आम्ही त्यांच्याकडं बघितलेला टीव्हीही बहुतेक शेजाऱ्यांचाच असायचा.

"मावशी, अहो उलटं करून ठेवलंत सगळं!" मी म्हणाले. "त्या गरिबांना पैसे देतात. गरिबांना!"

"मंग?"

"मग हा फ्रिज बघून त्या म्हणतील, यांना काय कमी आहे?"

"असं कुटं असतंय का माय?" मावशींना माझी कीव आली. "रिकामं घर बगून कुणी पोरगी पसंत केलीय का आजपातूर? किती लग्नं जमवली म्या, इचार तुज्या आईला."

"हे लग्न नाही हो!"

"नसंना का. बगायला येनाऱ्या बाईचा डोळा सारकाच असतोय. आदी ती भांडी बगती, मंग पोरगी बगती."

मी आईकडं वळले. म्हटलं, ही तरी ऐकेल. "आई, तूच सांग यांना. हे सगळं बाहेर काढू दे. आपली खोली जशी आहे तशी दाखवू. झालंच तर पत्र्याचं ते भोक दाखवू."

"भोक दाखवायचं?" आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणि काय दाखवू? फाटकी चादर? हात पसरून बसू दारात? लली, आजवर मी कुणाला माझं रिकामं डबडं दाखवलं नाही. तुझ्या आजीलासुद्धा नाही."

"मग मी पोळ्या लाटायला येऊ सोमवारपासून?"

आईचा चेहरा खर्रकन उतरला. पण ती हटली नाही. "काय व्हायचं ते होईल. माझ्या दारात आलेलं माणूस ओसाड घर बघून जाणार नाही. बास."

आईनं 'बास' म्हटलं की आमच्या घरात बास असतं. पण मीही तिचीच मुलगी. मी पदर खोचला. पदर कसला, ओढणी. "आबा, धरा तिकडून," म्हटलं आणि फ्रिजला हात घातला. आबा भिडस्त माणूस. ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकायचं, हे त्यांचं धोरण. ते उठले. झालरी सावरत त्यांनी फ्रिज धरला, मी ढकलला आणि तो डुगडुगत दारापर्यंत गेला. आत बाटल्या खळाखळा वाजायला लागल्या. दारात तो अडकला. पुढं जाईना, मागं येईना.

"आणताना तिरका आणला होता," आबांना आठवलं.

तेवढ्यात फ्रिजच्या पलीकडून, रस्त्यावरून, एक अगदी सभ्य आवाज आला.

"ललिता पाटोळे इथंच राहते का हो?"

फ्रिजच्या काचेच्या दारातून, बाटल्यांच्या मधून, मला एक चष्मा दिसला. आणि त्या चष्म्याला मी दिसले असणार. आमची पहिली भेट ही अशी.

"या, या!" आई ओरडली आणि तिनं, गुंफामावशींनी आणि आबांनी मिळून एका दमात फ्रिज पुन्हा आत ओढला. गुंफामावशी माझ्या कानात "पदर घे डोक्यावर" असं पुटपुटल्या आणि मॅडमना नमस्कार करून शहाण्यासारख्या सटकल्या.

आगाशे मॅडम पन्नाशीच्या असाव्यात. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर घाम. "फार शोधलं हो तुमचं घर," त्या म्हणाल्या. "दीड तास फिरतेय. प्रत्येकानं वेगळी गल्ली सांगितली." त्या लाल खुर्चीत बसल्या आणि बसल्या म्हणजे आत गेल्या. त्या खुर्चीची स्प्रिंग केव्हाच गेली होती. त्यांचे गुडघे हनुवटीजवळ आले.

"काय घेणार मॅडम?" आईनं झोकात फ्रिज उघडला. "ऑरेंज घेता का लिंबू? का काळं देऊ?"

मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. मॅडम फ्रिजकडं बघत राहिल्या. "घरात एवढी थंडपेयं?"

"आमच्याकडं पाहुणे फार," आई म्हणाली आणि तिनं ऑरेंजचा ग्लास भरून त्यांच्या हातात दिला.

मॅडमनी एक घोट घेऊन ग्लास खुर्चीच्या हातावर ठेवला, पिशवीतून कागद काढला, त्यावर काहीतरी लिहिलं. मग टीव्हीकडं बघितलं, परत लिहिलं. मिक्सरकडं बघितलं, परत लिहिलं. मी हळूच उत्पन्नाचा दाखला पुढं केला. त्यांनी तो वाचला, चष्मा वर करून खोलीभर नजर फिरवली, परत दाखला वाचला.

"हे तुमचे वडील का?" त्यांनी फोटोकडं बोट दाखवून आबांना विचारलं आणि फोटोला नमस्कारही केला.

आबांनी फोटोकडं असं बघितलं जसं काही तो आत्ताच कुणी टांगला. "हो," ते म्हणाले. आईनं डोळे वटारले. "नाही," ते म्हणाले. "म्हणजे वडिलांसारखेच."

"आणि आपण काय करता?"

आबांनी खाली स्वतःच्या कोटाकडं बघितलं, पितळी बटणांवरून हात फिरवला. "बँडमध्ये आहे मी."

"ते दिसतंय," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या ओठांचे कोपरे जरा हलले, पण त्यांनी ते आवरले. मग त्या माझ्याकडं वळल्या. "ललिता, तू सांग. फार्मसीच का?"

हा प्रश्न मात्र माझ्या हक्काचा होता. मी सुटलेच. म्हटलं, मॅडम, आमच्या गल्लीत सगळ्या वस्तू सगळ्यांच्या असतात तशा गोळ्यापण. एकीला बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या पुढच्या घरी. शेजारच्या नसीमखाला आहेत, त्यांची शुगरची गोळी वच्छीमावशींनी डोकं दुखतं म्हणून घेतली आणि चक्कर येऊन नळावर पडल्या. वर सगळ्यांना सांगतात, गोळी जोराची होती, गुण आला. आबांनी एकदा कोंबडीचं औषध खोकल्यावर घेतलं.

"खोकला गेला पण," आबा म्हणाले.

"तर मॅडम, मला ते शिकायचंय. कुठली गोळी कशाची, किती, कुणी नाही घ्यायची. मला सगळ्यांच्या घरात जाऊन ते डबे रिकामे करायचेत. आमच्यातल्या कुणाला हे कळलं तर लोक ऐकतील. बाहेरच्या माणसाचं नाही ऐकत."

मॅडम आता हसल्याच. चांगलं मोकळं हसल्या. मला वाटलं, जमलं! आणि मग त्यांची नजर परत त्या मुडद्या फ्रिजवर गेली.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"मुलगी गुणी आहे तुमची," त्या आईला म्हणाल्या. अगदी मऊ आवाजात. मऊ आवाज मला चांगला ओळखू येतो, नकार देणारे लोक त्याच आवाजात बोलतात. "पण आमच्याकडं पैसे थोडे आणि मुली फार. कालच एका घरी गेले होते, तिथं बसायला चटईसुद्धा नव्हती. तुमचं, देवाच्या दयेनं, बरं चाललंय. थोडी ओढाताण करून तुम्ही भराल फी. हो ना?"



माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. मॅडम, यातलं काही आमचं नाही हो! एवढंच म्हणायचं होतं. चार शब्दांत माझं कॉलेज होतं. पण मी आईकडं बघितलं. ती फ्रिजला टेकून उभी होती, मान ताठ, हातात ती ऑरेंजची बाटली. मी तोंड उघडलं असतं तर ती त्या बाईसमोर खोटारडी ठरली असती, तिच्याच घरात. मला नाही जमलं. मी ओठ मिटले आणि माझे डोळे भरून आले. मॅडम त्या खुर्चीतून उठण्याची खटपट करायला लागल्या.

आणि तेवढ्यात बाहेरून आरोळी आली.

"पाणी आलं गं बायांनो! पाणी आलं!"

आमच्या गल्लीच्या नळाला दिवसातून एकदाच पाणी यायचं. पाचच्या सुमाराला, अर्धा तास, तेही नळाच्या मर्जीनं. त्या अर्ध्या तासात कुणी मेलं तरी रडायचं नंतर. आणि गल्लीतले एकूण एक हंडे, एकूण एक कळश्या आमच्या मांडणीवर होत्या. मॅडम तीनला येऊन चारला जातील, या हिशोबानं.

पहिल्या वच्छीमावशी घुसल्या. "मॅडम, बसा हं, उठू नका," म्हणाल्या आणि मांडणीच्या तळाचा हंडा ओढला. वरची सगळी उतरंड धाडधाड खाली आली. एक कळशी गडगडत थेट मॅडमच्या पायाशी. मागून एकामागून एक बायका. "माझा हंडा कुठाय?" "तो नाही, तो चेपका माझा!" "अगं, ताट कशाला नेतेस, पाणी ताटात भरणारेस का?" मॅडमनी पाय वर खुर्चीत घेतले.

मग त्यांनी पायाशी आलेली कळशी उचलली. आमच्याकडं भांड्यावर नाव घालायची पद्धत. त्यांनी ती उजेडाकडं धरून मोठ्यानं वाचलं, "'चि. सौ. कां. वत्सला हिस मामाकडून.' वत्सला कोण?"

"मी, मी!" वच्छीमावशींनी हात वर केला.

मॅडमनी कळशी त्यांना दिली. मग दुसरी उचलली. "'नसीमबानो शेख.'"

"इधर, इधर!" नसीमखाला गर्दीतून पुढं आल्या. "शुक्रिया हां मॅडम. आता आलेच आहे तर मिक्सर पण घेऊन जाते. माझ्याकडं पण मेहमान आलेत, मसाला वाटायचाय." त्यांनी वायर गुंडाळली आणि मिक्सर कडेवर घेतला.

आई जागच्या जागी दगड झाली होती. मी मात्र आतून फुटायला लागले होते. रडू होतं का हसू, मलाच कळेना. मॅडम एकेक भांडं उचलायच्या, नाव वाचायच्या, हाळी द्यायच्या, शाळेत हजेरी घेतात तशा. त्यांनाही आता तारतम्य राहिलं नव्हतं. "'कै. बाळाबाई यांचे स्मरणार्थ!' घ्या! 'गणपती मंडळ!' हे कुणाचं? बरं, तुम्ही न्या! हो हो, रांगेत या जरा!"

टीव्हीवाली आली. "आमचे हे आलेत कामावरनं, मॅच लागलीय, जीव खायलेत." टीव्ही गेला, रुमालासकट. मग सोपान चौघांना घेऊन आला. "काकू, माफ करा, टपरीवर गिऱ्हाईक खोळंबलंय, अन् वायर न लावता ठेवलाय हो, सगळा माल गरम झाला." मॅडमनी खुर्चीच्या हातावरच्या ग्लासाकडं बघितलं. "तरीच," त्या म्हणाल्या. फ्रिज तिरका होऊन त्यांच्या नाकासमोरून बाहेर गेला. "जपून रे," त्या सोपानला म्हणाल्या, "दाराला अडकतो तो."

शेवटी गुंफामावशी आल्या. कळशी घेतली. पण जाईनात. नुसत्या घुटमळत उभ्या.

"काय हो?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई, म्हंजे, तुमी बसा. पर माज्या सासूला खाली बसता येत न्हाई. इतका येळ बाहेर दगडावर बसलीय म्हातारी."

मॅडमनी खाली बघितलं. खुर्चीचे हात चाचपले. "अगं बाई! ही पण?"

त्यांना त्यातून ओढून बाहेर काढायला आईला आणि मला मिळून हात द्यावा लागला. खुर्ची डोक्यावर घेऊन गुंफामावशी निघाल्या आणि दारातून परत आल्या. "आता आलेच तर मामंजींनापन नेते. दिवा लावायची येळ झाली." त्यांनी फोटो उतरवला, काखेत मारला आणि गेल्या.

खोली मोकळी झाली. आमचा स्टो, एक लोखंडी पेटी, चार भांडी आणि बँडच्या ड्रेसमध्ये आबा.

मॅडम आबांकडं वळल्या. "आणि हा ड्रेस?"

"कंपनीचा," आबा म्हणाले. "उद्या द्यायचाय."

मग मॅडम हसायला लागल्या. हसू म्हणजे काय! भिंतीला टेकून त्या खाली जमिनीवर बसल्या, चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले, परत हसल्या. मी पण हसले. आबा पण हसले, बटणं तुटेपर्यंत. मी आजही औषधांच्या दुकानात काउंटरमागं उभी असताना मध्येच ते आठवतं आणि हसू फुटतं. मग गिऱ्हाईक विचारतं, ताई, चुकीची गोळी मागितली का मी?

एकटी आई हसत नव्हती. ती आमच्या ओट्याशी उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मॅडम उठल्या. तिच्याजवळ गेल्या. "अहो, रडताय काय? मला आधीच का नाही सांगितलंत? मी नाही म्हणून निघाले होते ना!"

"कसं सांगू मॅडम?" आई म्हणाली. "आमच्यात लेक द्यायची असली की घर भरतात. का, तर उद्या सासरी कुणी तिला म्हणू नये, की तू उघड्या घरातनं आलीस. ही आता तुमच्या त्या कॉलेजात जाणार. तिथं सगळी मोठ्यांची पोरं. तिथं कोणी ना कोणी तुम्हाला विचारणार, ही कुणाची, कसल्या घरातली. मला वाटलं, तुम्ही सांगावं, भरल्या घरातली आहे म्हणून."

इतका वेळ मी समजत होते की हिला तिच्या अब्रूची पडलीय. बाहेर नळावर नेहमीचा गोंधळ चालू होता.

मग मॅडमनी डोळ्याला चष्मा लावला. साडी नीट केली. दाराबाहेर हंडे घेऊन निम्मी गल्ली कान देऊन उभी होती, त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे."

काय कल्ला झाला म्हणून सांगू! वच्छीमावशींनी हंडा बडवला. नसीमखालांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. आबांनी मॅडमना सलाम ठोकला, खरा, ड्रेसला शोभणारा.

"थांबा, थांबा!" गुंफामावशी कळशी घेऊन पुढं घुसल्या. सोयरिकीचा विषय निघाला आणि त्या गप्प बसल्या असं कधी झालं नव्हतं. "देन्याघेन्याचं आदी बोलून घिऊ. मागनं कटकट नको."

"देणं सगळं आमच्याकडून," मॅडम म्हणाल्या. त्यांना आता ऊत आला होता. "चारही वर्षांची फी, पुस्तकं, बसचा पास. तुमच्याकडून फक्त मुलगी."

"अन् मानपान?"

"पहिल्या वर्गात पास झाली की तिच्याकडून पेढे. बाकी काही नको."

गुंफामावशी बघतच राहिल्या. त्यांनी आयुष्यभर सोयरिकी जुळवल्या होत्या. मुलीच्या बापाच्या बाजूनं बसून हुंडा हजारानं, पाचशेनं कमी करून आणण्यात त्यांचा हात कुणी धरत नव्हतं. पण समोरची बाजू सगळं देते आणि मागत काहीच नाही, असं स्थळ त्यांच्याकडं कधी आलंच नव्हतं.

"पोरीला विचारा की कुणी," नसीमखाला म्हणाल्या. "तिला पसंत आहे का?"

"पसंत!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की टपरीवरून सोपाननं शिट्टी मारली.

सगळे हसले. गुंफामावशी हसल्या नाहीत. त्यांनी कमरेवरची कळशी खाली ठेवली. पदर डोक्यावर घेतला, दोन्ही हातांनी नीट केला. त्यांना इतकं हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मॅडम, माजी पन एक हाय. अंजू. नववीत. तिला बगायला कवा येता?"

हंडे वाजायचे थांबले. अंजूचं लातूरजवळच्या औशाच्या टेम्पोवाल्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं, हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं? दहावीची परीक्षा झाली की लगेच बार उडवायचा होता. मावशींनी साडीसुद्धा घेऊन ठेवली होती, सगळ्यांना दाखवली होती. अंजू तिथंच होती, दारात, डोक्यावर भरलेला हंडा. ती मावशींकडं अशी गर्रकन वळली की अर्धा हंडा माझ्या अंगावर.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं, मग त्या दोघी मायलेकींकडं.

"दहावीचा निकाल लागू दे," त्या म्हणाल्या. "लागला की येते. नक्की येते."

"दीड वरीस," गुंफामावशी म्हणाल्या. त्यांनी कळशी उचलून परत कमरेवर घेतली. "मंग तवर म्या कुनालाच हो म्हनत न्हाई."